जाकांच्या घरातल्या दोन जर्सी

१ जानेवारी १९९२ पासून स्वित्झर्लंडच्या कायद्यात एक बदल अमलात आला. तोवर स्विस नागरिकत्व घेणाऱ्या परदेशी माणसाला आपलं आधीचं नागरिकत्व सोडावं लागे. ती अट त्या दिवशी गेली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला बाझेल शहरात, कोसोवोहून दोनच वर्षांपूर्वी आलेल्या एका अल्बेनियन कुटुंबात दुसरा मुलगा जन्मला. त्याचं नाव ग्रानिट. थोरला तौलांत त्याच्याहून दीड वर्षाने मोठा. दोघंही पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाले, दोघंही मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळणारे, दोघांचं शिक्षण एकाच क्लबात. पण आंतरराष्ट्रीय सामन्यांत एक स्वित्झर्लंडच्या लाल जर्सीत उतरला आणि दुसरा अल्बेनियाच्या.

दुहेरी नागरिकत्व असलेल्या खेळाडूंची आज युरोपात वाण नाही. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स यांचे संघ त्यांच्याविना उभेच राहू शकणार नाहीत. तरी या प्रकरणासाठी मी ग्रानिट जाका निवडला, कारण त्याच्या कारकिर्दीत या प्रश्नाच्या सगळ्या बाजू आल्या आहेत: राजकारण, कायदा, भाऊबंदकी नसलेले पण समोरासमोर उभे ठाकलेले भाऊ, प्रेक्षकांचा रोष, आणि पुन्हा पुन्हा विचारला गेलेला तोच एक सवाल – तू नेमका कोणाचा?

या सवालाची सुरुवात ग्रानिटच्या जन्माआधीची आहे. १९८० च्या दशकात कोसोवो हा युगोस्लाव्हियातल्या सर्बियाचा स्वायत्त प्रांत होता. वस्तीत बहुसंख्य अल्बेनियन भाषक. आपल्याला इतर घटक प्रजासत्ताकांच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, ही त्यांची मागणी होती. १९८१ मध्ये प्रिश्टिनाच्या विद्यापीठातून उसळलेलं आंदोलन सरकारने दडपून टाकलं, पण निदर्शनं थांबली नाहीत. ग्रानिटचे वडील तेव्हा प्रिश्टिनात शिकणारे विशीतले तरुण. १९८६ मध्ये निदर्शनात भाग घेतला म्हणून त्यांना अटक झाली. शिक्षा सहा वर्षांची. त्यांतली साडेतीन त्यांनी तुरुंगात काढली. ग्रानिटच्या आईची आणि त्यांची ओळख तेव्हा अवघ्या काही महिन्यांची होती. तरी ती त्यांच्यासाठी थांबली. सुटका झाल्यावर १९९० मध्ये दोघांनी देश सोडला आणि बाझेल गाठलं. वडील तुरुंगातलं सगळं अजूनही सांगत नाहीत, काही गोष्टी ते आमच्यापासून लपवत असावेत, असं ग्रानिटने मोठेपणी मुलाखतीत सांगितलं आहे.

बाझेलच का? कारण कोसोवोच्या माणसांना ती वाट माहीत होती. १९६० च्या दशकापासून स्वित्झर्लंड युगोस्लाव्हियातून हंगामी मजूर बोलावत असे. बांधकाम, शेती, हॉटेलं अशा कामांना वर्षाचे नऊ महिने यायचं आणि मग परत जायचं. १९९० च्या सुमाराला कोसोवोत जगणं कठीण झालं तेव्हा त्या मजुरांची बायकामुलं, भाऊबंद, ओळखीपाळखीचे त्याच वाटेने आले. १९९८-९९ च्या युद्धात आणखी लोंढे आले. आज स्वित्झर्लंडमध्ये मूळ कोसोवोचे असे दोन लाखांच्या घरात लोक आहेत. नव्वद लाखांच्या देशात ही संख्या लहान नव्हे.

पण स्वित्झर्लंडमध्ये जन्मलं म्हणून कोणी स्विस होत नाही. तिथे नागरिकत्व रक्ताने येतं, जागेने नाही. परक्याला ते मिळवायचं तर आधी आपली नगरपालिका, मग कँटन, मग संघराज्य अशा तीन पायऱ्या. संघराज्याची अट त्या काळी बारा वर्षं वास्तव्याची होती. काही गावांत तर अर्जदाराच्या बाजूने की विरुद्ध, यावर गावकरी मतदान करत. परदेशातून आलेल्या कामगारांची मुलं तिथे शाळेत जातात, तिथलीच जर्मन बोली बोलतात, तिथल्याच क्लबात चेंडू मारायला शिकतात, आणि कागदावर मात्र बरीच वर्षं परकी राहतात. फुटबॉल या मुलांना फार लवकर आपलंसं करतो. क्लबाच्या प्रशिक्षकाला मुलाचा पासपोर्ट बघायचा नसतो, त्याचा डावा पाय बघायचा असतो.

ग्रानिटचा डावा पाय बघण्यासारखा होता. दोघं भाऊ आधी कॉन्कॉर्डिया बाझेल या छोट्या क्लबात होते, तिथून एफसी बाझेलच्या युवा विभागात गेले. आईवडील दोघंही कामाला जात, तेव्हा घराची किल्ली थोरल्याकडे न देता धाकट्या ग्रानिटकडे देत, ही आठवण त्यानेच सांगितली आहे. त्याच्या खेळाशी हे जुळतं. तो धावून बचाव फोडणाऱ्यांतला नाही. तो चेंडू मागून घेतो, मान वर करून सगळं मैदान बघतो आणि चाळीस मीटरवरच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या गड्याच्या पायात नेमका टाकतो. सामन्याची लय त्याच्या पायाखाली राहते. त्याचे दोषही याच स्वभावातून येतात. लय हातून निसटली की तो चिडतो, उशिराने पाय घालतो, कार्ड घेतो.

२००९ मध्ये नायजेरियात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला. स्वित्झर्लंडने अंतिम सामन्यात यजमान नायजेरियाला १-० ने हरवून तो जिंकला. स्विस फुटबॉलच्या इतिहासातला हा पहिलाच जागतिक चषक. गोल केला हारिस सेफेरोविचने, ज्याचं कुटुंब बोस्नियातलं. डावीकडे रिकार्डो रॉड्रिगेझ, वडील स्पॅनिश, आई चिलीची. पुढे नसीम बेन खलिफा, घर मूळचं ट्युनिशियाचं. मध्ये ग्रानिट. या पोरांनी कप उंचावला तेव्हा त्यांचं घराणं कोणीही काढलं नाही.

वयोगटाच्या संघांत तौलांतही स्वित्झर्लंडकडूनच खेळला. मग दोघांच्या वाटा कुठे फुटल्या? इथे फिफाचा नियम समजून घ्यायला हवा. दोन नागरिकत्वं असलेल्या खेळाडूने एखाद्या देशाच्या वरिष्ठ संघातून एक अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळला, की तो त्या देशाशी बांधला जाई. मैत्रीपूर्ण सामने त्यात धरले जात नसत. वयोगटाच्या संघातून खेळलेल्याला मात्र देश बदलायची एक संधी असे. २००४ मध्ये ही संधी एकविसाव्या वर्षापर्यंत दिली गेली आणि २००९ मध्ये वयाची अटही निघाली. (२०२० मध्ये नियम आणखी सैल झाले: एकविशीच्या आत तीनपर्यंत वरिष्ठ सामने खेळलेल्यालाही काही अटींवर आता बदल करता येतो.)

४ जून २०११ रोजी वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध युरो पात्रता फेरीचा सामना होता. अठरा वर्षांचा ग्रानिट स्वित्झर्लंडकडून उतरला. सामना २-२ बरोबरीत सुटला आणि नियमानुसार ग्रानिट कायमचा स्विस झाला. तौलांतची स्विस वरिष्ठ संघात वर्णी लागली नाही. अल्बेनियाने हाक दिली आणि २०१४ पासून तो त्यांच्याकडून खेळू लागला. कोसोवो हा पर्याय तेव्हा दोघांपुढेही नव्हता. २००८ मध्ये त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं, स्वित्झर्लंडने दहा दिवसांत मान्यताही दिली, पण फिफाचं सदस्यत्व मिळायला मे २०१६ उजाडलं. त्याआधी २०१२ मध्ये ग्रानिट, जेर्दान शाचिरी, वालोन बेहरामी आणि अल्बेनियाचा कर्णधार लोरिक चाना यांनी सही करून फिफाला विनंती केली होती, की कोसोवोला निदान मैत्रीपूर्ण सामने तरी खेळू द्या. स्वित्झर्लंडची जर्सी अंगावर असलेले तिघं जण आपल्या मूळ भूमीच्या संघासाठी उघडपणे बोलत होते. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

इथे मराठी वाचकाच्या मनात येईल, आपल्याकडे असं का होत नाही? भारतीय वंशाचे खेळाडू इंग्लंडात, नेदरलँड्समध्ये आहेतच की. आपल्या राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाहीत. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं. २००५ पासून मिळणारं ‘ओसीआय’ कार्ड हे नागरिकत्व नव्हे, आणि २००८ च्या अखेरीपासून केंद्र सरकारचं धोरण असं आहे की देशाच्या संघात फक्त भारतीय नागरिकच खेळेल. म्हणून मायकेल चोप्रासारखा, इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये गोल केलेला माणूस, इच्छा असूनही निळ्या जर्सीपर्यंत पोहोचला नाही. अराता इझुमी पोहोचला. जपानमध्ये वाढलेला हा मिडफिल्डर, आई जपानी, वडील भारतीय. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमधून तो पुणे एफसीत आला आणि बालेवाडीच्या मैदानावर प्रेक्षकांचा लाडका झाला. त्याने जपानी नागरिकत्व सोडलं, भारतीय घेतलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. जन्मभूमीच्या पासपोर्टवर कायमचं पाणी सोडणं म्हणजे केवढा मोठा निर्णय, याचा आपण फारसा विचार केला नाही. त्याचं नाव पुण्याबाहेर किती जणांना आठवतं? मला ही आपली उणीव वाटते.

जाका बंधूंना असं काही सोडावं लागलं नाही. पण म्हणून त्यांचं जगणं सोपं झालं असंही नाही.

११ जून २०१६. फ्रान्समधल्या लान्स गावचं मैदान, युरो स्पर्धेतला स्वित्झर्लंड–अल्बेनिया सामना. सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध खेळण्याची युरोतली ही पहिलीच वेळ. विश्वचषकात सहा वर्षांपूर्वी दोन सावत्र भाऊ असे समोरासमोर आले होते: जेरोम बोआटेंग जर्मनीकडून, केव्हिन-प्रिन्स घानाकडून. लान्सच्या स्टँडमध्ये बसलेल्या आईने एका बाजूला स्वित्झर्लंडचं आणि दुसऱ्या बाजूला अल्बेनियाचं चिन्ह असलेला टी-शर्ट घातला होता. कॅमेरे पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळत होते. पाचव्याच मिनिटाला शाचिरीच्या कॉर्नरवर फाबियान शेअरने हेडरने गोल केला आणि स्वित्झर्लंड १-० ने जिंकला. अल्बेनियाच्या संघातही स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले बरेच जण होते. मैदानावर त्या दिवशी दोन्हीकडून स्विस जर्मन ऐकू येत असणार. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर तौलांतला बदलण्यात आलं, तेव्हा तो संतापाने बाहेर गेला. भावाविरुद्ध खेळतोय म्हणून त्याने अंग चोरलं, असं कोणी म्हणू शकणार नाही.

दोन वर्षांनी रशियात, कालिनिनग्राडला, याहून अवघड संध्याकाळ आली. २२ जून २०१८, विश्वचषक, समोर सर्बिया. वडिलांना तुरुंगात टाकणाऱ्या राज्याची राजधानी बेलग्रेड होती, आणि सर्बियाने कोसोवोला आजही मान्यता दिलेली नाही. सर्बियाच्या पाठीराख्यांना रशियन प्रेक्षकांची साथ होती. चेंडू शाचिरीकडे किंवा जाकाकडे गेला की शिट्ट्या आणि हुर्यो. पाचव्या मिनिटाला मित्रोविचने सर्बियाला पुढे नेलं. ५२ व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राबाहेर आलेला चेंडू ग्रानिटने डाव्या पायाने असा मारला की गोलरक्षकाला हलायलाही अवधी मिळाला नाही. मग त्याने दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांत अडकवून पंजे फडफडवले: अल्बेनियाच्या झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड. ९० व्या मिनिटाला शाचिरीने विजयी गोल केला आणि त्यानेही तीच खूण केली. ती करणाऱ्यांत कर्णधार स्टेफान लिखटश्टायनरही होता, ज्याचा अल्बेनियाशी रक्ताचा काडीचा संबंध नव्हता. त्याने ती सहकाऱ्यांसाठी केली.

फिफाने जाका आणि शाचिरीला दहा-दहा हजार फ्रँक आणि लिखटश्टायनरला पाच हजार फ्रँक दंड केला. अल्बेनियाचे पंतप्रधान एदी रामा यांनी हा दंड भरण्यासाठी वर्गणीचं खातंच उघडलं. माझ्या मते दंड योग्य होता. मैदानावर राजकीय खुणा नकोत, हा नियम दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचं रक्षण करतो आणि तो तापलेल्या सामन्यातच जास्त पाळायला हवा. पण पुढे स्वित्झर्लंडमध्ये जे सुरू झालं ते योग्य नव्हतं. तीच माणसं, तोच विजय, आणि वर्तमानपत्रांत चर्चा ही की यांचं मन खरंच आपल्या देशात आहे का. जुलैमध्ये स्विस फुटबॉल संघटनेचे महासचिव आलेक्स मीशर यांनी एका दैनिकाच्या मुलाखतीत म्हटलं, की दुहेरी नागरिकत्व असलेले खेळाडू आपल्याला हवेत का, याचाच विचार करायला हवा. युवा अकादमीत घेताना दुसरं नागरिकत्व सोडायची अट घालता येईल का, असाही सूर त्यात होता.

मीशर यांच्या बोलण्यामागे एक खरी अडचण होती, ती नाकारू नये. संघटना पोरांवर वर्षानुवर्षं पैसा आणि मेहनत खर्च करते आणि पोरगा ऐनवेळी दुसऱ्या देशात जातो. इव्हान राकितिच हे त्याचं ठसठशीत उदाहरण. स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, स्विस युवा संघांतून खेळला, एफसी बाझेलमध्ये घडला, आणि २००७ मध्ये त्याने आईवडिलांचा क्रोएशिया निवडला. त्या निर्णयानंतर त्याला आणि घरच्यांना धमक्यांची पत्रं आली. ज्या विश्वचषकानंतर मीशर बोलले, त्याच विश्वचषकाचा अंतिम सामना राकितिच क्रोएशियाकडून खेळला होता. पण या अडचणीवर सुचवलेला उपाय बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीआजोबांच्या देशाचा कागद फाडायला लावणारा होता. त्या संघाचे अर्धेअधिक खेळाडू अशाच घरांतले होते. देशभर ओरड झाली, संघटनेला सारवासारव करावी लागली, आणि त्याच वर्षी मीशर यांनी पद सोडण्याचं जाहीर केलं.

क्लबच्या फुटबॉलात ग्रानिटला आपण कोणाचे हे सिद्ध करावं लागलं नाही, पण लोकांच्या रागाशी गाठ तिथेही पडली. बाझेलकडून त्याने २०११ आणि २०१२ असे दोन लीग किताब जिंकले; डिसेंबर २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढणाऱ्या संघात तो होता. २०१२ मध्ये तो जर्मनीतल्या बोरुसिया म्योंशनग्लाडबाखला गेला. पहिलं वर्ष जड गेलं, पुढे तेविसाव्या वर्षी कर्णधार झाला. २०१६ मध्ये आर्सेनलने त्याला घेतलं. लंडनमधली सात वर्षं दोन टोकांची गेली. २७ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध आर्सेनलने दोन गोलांची आघाडी घालवली आणि प्रशिक्षकाने कर्णधार जाकाला बाहेर बोलावलं. तो सावकाश चालत निघाला. आपल्याच मैदानावर आपलेच पाठीराखे हुर्यो उडवत होते. त्याने कानामागे हात धरला, पुटपुटला, जर्सी काढून फेकली आणि थेट आत गेला. कर्णधारपद गेलं. नंतर त्याने लिहिलं, की समाजमाध्यमांवर त्याच्या बायकोला आणि तान्ह्या मुलीला उद्देशून भयंकर मजकूर येत होता. त्याच्या बॅगा भरलेल्या होत्या, बर्लिनच्या हेर्था क्लबाशी बोलणं झालं होतं. डिसेंबरात नवे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा आले आणि त्यांनी त्याला थांबवलं. २०२०चा एफए कप तो जिंकला, आणि २०२२-२३ मध्ये थोडं पुढे सरकून खेळताना त्याने कारकिर्दीतला सर्वांत सुंदर हंगाम दिला. मे २०२३ मध्ये वुल्व्ह्जविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात दोन गोल केले आणि त्याच स्टँडनी त्याला उभं राहून निरोप दिला.

तिशी उलटल्यावर जर्मनीतल्या लेव्हरकूझेनला गेलेल्या या माणसाकडून प्रशिक्षक शाबी आलोन्सोने जे करून घेतलं ते बुंडेसलीगाच्या इतिहासात आधी कुणालाच जमलं नव्हतं: ३४ सामन्यांचा अख्खा हंगाम एकही पराभव न पत्करता. बायर्न म्युनिकची सलग अकरा किताबांची साखळी तुटली. १४ एप्रिल २०२४ ला वेर्डर ब्रेमेनला ५-० ने हरवून किताब पक्का झाला, त्यांत एक गोल ग्रानिटचा. मेअखेर जर्मन कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच, पुन्हा दुरून, पुन्हा डाव्या पायाने. २०२५ मध्ये तो इंग्लंडात परतला, प्रीमियर लीगमध्ये नव्याने चढलेल्या संडरलंडचा कर्णधार म्हणून.

देशाच्या संघातही लिखटश्टायनरनंतर कर्णधारपद त्याच्याकडे आलं. २८ जून २०२१ ला बुखारेस्टमध्ये युरो स्पर्धेत विश्वविजेत्या फ्रान्सविरुद्ध स्वित्झर्लंड १-३ असा मागे होता. सेफेरोविचने एक गोल फेडला आणि ९० व्या मिनिटाला ग्रानिटच्या पासवर मारियो गाव्रानोविचने बरोबरी केली. पेनल्ट्यांवर स्वित्झर्लंड जिंकला. मोठ्या स्पर्धेच्या बाद फेरीतला त्यांचा १९३८ नंतरचा हा पहिला विजय. पास देणारा, दोन्ही गोल करणारे, सगळे मीशर यांच्या यादीतले. ग्रानिट पुढे हाइन्झ हेरमानचा ११८ सामन्यांचा विक्रम मोडून स्वित्झर्लंडकडून सर्वाधिक खेळलेला खेळाडू झाला. सव्वाशेच्या वर सामने त्याच्या नावावर आहेत.

आणि मग सोडतीत युरो २०२४ च्या पात्रता फेरीसाठी स्वित्झर्लंड आणि कोसोवो एकाच गटात आले. ९ सप्टेंबर २०२३ रोजी प्रिश्टिनामध्ये सामना झाला. ज्या शहरातून वडिलांना पोलिसांनी उचललं, त्याच शहरात मुलगा पाहुण्या संघाचा कर्णधार म्हणून उतरला. स्वित्झर्लंडने दोनदा आघाडी घेतली, कोसोवोच्या वेदात मुरिचीने दोनदा फेडली. दुसरी बरोबरी भरपाईच्या वेळेत. सामना २-२. नंतर पत्रकारांसमोर ग्रानिट भडकला तो याच निकालावर. आठवडाभर आमच्या सरावात जोर नव्हता, जसा सराव तसाच खेळ झाला, असं त्याने उघड सांगितलं. रोख प्रशिक्षक मुरात याकिन यांच्याकडे होता. तेही बाझेलच्या परिसरात वाढलेले, तुर्की घरातले, आणि एके काळी स्वित्झर्लंडकडून खेळलेले. वर्तमानपत्रांनी दोघांच्या भांडणाचे मथळे केले. दोघं एकत्र बसले, बोलले. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या युरो स्पर्धेत याकिन यांनी सगळा संघ ग्रानिटभोवती बांधला, आणि त्या संघाने गतविजेत्या इटलीला २-० ने घरी पाठवलं.